साधारण खेळाडूचा कैवार

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस जत्रेला लोटणाऱ्या माणसांचे आपल्या पूर्वजांनीं केलेले तीन वर्ग नव्यानें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. हौसे, नवसे आणि गवसे, असे ते तीन वर्ग होत. नवसा देवीपाशीं बोललेला नवस फेडावयास येतो. गवसा गर्दींत कांहीं हातास लागलें तर पाहावें, ह्या बुद्धीनें येतो. आणि हौसा केवळ हौस म्हणून येतो. ह्या तिघांपैकीं जत्रा कोणाच्या जिवावर भरते, हें तेथील कोणाहि खाजेवाल्यास विचारावें. नवस फिटला कीं नवसा घरीं परततो; हात मारून झाला कीं गवसा पसार होतो; हौसा मात्र कांहीं मागावयाचें नसतां व कांहीं मिळावयाचें नसतां, बायकामुलांसह वर्षानुवर्षें येत राहतो. त्याच्या येण्यालाच लोक जत्रा म्हणतात.

बुद्धिबळाच्या जत्रेंत अलीकडे हा न्याय उलटला आहे. तेथें मोठा मान नवशाचा, म्हणजे मूल सहा वर्षांचें झालें न झालें तोंच त्याला ग्रँडमास्टर करण्याचा नवस बोलणाऱ्या आईबापांचा. धंदा तेजींत गवशाचा, म्हणजे त्या नवसाचा भाव ओळखून शिकवणीचे वर्ग थाटणारांचा. आणि चाळीस वर्षें संध्याकाळीं पट मांडून बसणारा, कधीं जिंकणारा, बहुधा हरणारा, व दुसऱ्या दिवशीं पुनः येऊन बसणारा जो हौसा, तो मात्र उपहासाचा विषय होऊन राहिला आहे. 'तो काय, हौशी खेळाडू आहे,' असें म्हणतांना म्हणणाराच्या ओठांस जी मुरड पडते, तिच्याविरुद्ध आमचें हें लिहिणें आहे. 'हौसेला मोल नाहीं' ही म्हण आमच्या भाषेंत हौसेची थोरवी सांगण्यासाठीं जन्मास आली. आज तिचा अर्थ, ज्याला मोल नाहीं तें टाकाऊ, असा करण्यांत येत आहे.

आमचा पक्ष आम्ही आरंभींच सांगून टाकितों. साधारण खेळाडू असणें हा दोष नव्हे. साधारण खेळाडू म्हणजे कोणा थोर खेळाडूचा अर्धवट राहिलेला मसुदाहि नव्हे. बुद्धिबळ हा खेळ मुख्यतः त्याच्याच आधारानें जगतो. आणि ज्या दिवशीं आपल्या साधारणपणाची लाज वाटून तो पटावरून उठेल, त्या दिवशीं देशांत ग्रँडमास्टर कितीहि असोत, खेळाचे दिवस भरले असें समजावें.

ह्या पक्षाची वकिली करण्याचा आमचा अधिकार एवढाच, कीं आम्ही स्वतः साधारण आहों. तारकर्लीस, एका अंगास कर्ली नदी व दुसऱ्या अंगास समुद्र, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आमचें घर आहे. पावसाळा लागला, होड्या वर ओढून शाकारल्या गेल्या, आणि समुद्राच्या तळाचें जग पाहावयास येणारे पाहुणे आपापल्या शहरीं परतले, म्हणजे आमच्या पडवींत पट मांडला जातो तो पाऊस सरेपर्यंत. आमचा नेहमींचा प्रतिस्पर्धी एक रापणकर. वयानें ते आम्हांहून वडील. आम्ही त्यांस भाऊ म्हणतों, ते आम्हांस गुरुजी म्हणतात. आम्ही एकाद्या खेळीवर फार वेळ अडून बसलों, कीं ते बाहेर पावसाकडे पाहत म्हणतात, "गुरुजीनू, खेळतास काय निजलास?" आणि पुढच्या दोन खेळ्यांत, "घोडो गेलो तुमचो!" पस्तीस वर्षें हें असेंच चाललें आहे. आमच्या दोघांच्याहि खेळांत ह्या काळांत विशेष फरक पडलेला नाहीं.

पण मध्यें दोन वर्षें खंड पडला होता, व त्याची हकीकत सांगितल्यावांचून ह्या लेखास तोंड फुटावयाचें नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं एका खुल्या स्पर्धेंत उतरण्याचें धाडस आम्ही केलें. पहिल्याच फेरींत आमच्यासमोर नऊ वर्षांची एक मुलगी येऊन बसली. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीस टेंकत नव्हते. बावीस खेळ्यांत तिनें आम्हांस मात दिली, नीट अक्षरांत निकाल लिहिला, आणि "काका, इथें पाणी कुठें मिळेल?" असें विचारून ती निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंदहि नव्हता. एवढा तिला तो डाव सोपा गेला. घरीं आल्यावर आम्ही पट आवरून ठेविला. भाऊ दोनदां बोलावून गेले; आम्ही दोन्ही वेळां कामाचें निमित्त सांगितलें. त्या पराभवाचें आमचें दुःख पंधरा दिवसांत संपलें असतें. दोन वर्षें खाल्लीं तीं लपवालपवीनें. आपण साधारण आहों हें आपल्याला कळलें आहे, आतां तें दुसऱ्यास कळूं नये, एवढ्यासाठीं आम्ही ज्या गोष्टींत आपला जीव रमतो तीच गोष्ट सोडून बसलों होतों.

हा वेडेपणा आमच्यापुरताच राहता, तर वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु आम्ही तो दुसऱ्याच्या अंगास लाविला. शेजारच्या एका मुलास सातव्या वर्षीं मोहरीं ओळखावयास आम्हींच शिकविलें. दहाव्या वर्षीं तो आम्हांस हरवूं लागला. तेव्हां आम्हींच त्याच्या वडिलांस म्हणालों, "पोरांत कांहीं तरी आहे, ह्याला बाहेर शिकावयास पाठवा." वडिलांनीं हंगामांत मिळविलेला पैसा घालून मुलास शहरांतील वर्गास घातलें. चार वर्षें मुलगा शिकला, स्पर्धांस गेला, आणि एका आंकड्यावर येऊन अडला. दहावीचें वर्ष आलें, तेव्हां वडिलांनीं विचारलें, "एवढा पैसा घातला, झालें काय?" 'मुलगा चांगला खेळूं लागला,' हें त्या प्रश्नाचें खरें व पुरेसें उत्तर होतें. पण तें पुरेसें कोणासच वाटलें नाहीं. त्याच्या बापास नाहीं, त्यास स्वतःस नाहीं, आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हांसहि नाहीं. पट माळ्यावर गेला. पुढें तो मुलगा कांहीं निरोप घेऊन आला, म्हणजे पडवीच्या खांबाशीं हात मागें बांधून उभा राही. त्याची नजर आमच्या नजरेहून चपळपणें पटावर फिरे. 'बस, एक डाव होऊं दे,' असें म्हटलें, कीं तो म्हणे, "नको गुरुजी, मी सोडलं." तंबाखू सोडलेला माणूस ज्या स्वरांत बोलतो, त्याच स्वरांत.

आतां त्या मुलाचा अपराध कोणता, हें आपण शांतपणें पाहूं. समजा, शंभर खेळाडूंची नऊ फेऱ्यांची एक स्पर्धा आहे. प्रत्येक फेरींत ५० डाव, म्हणजे एकंदर ४५० डाव. एका डावांत वांटावयाचा गुण एकच. जिंकणारास सगळा, किंवा बरोबरी झाल्यास दोघांस अर्धा-अर्धा. तेव्हां एकंदर गुण ४५० व सरासरी माणशीं साडेचार. हेच शंभर जण दहा वर्षें रात्रीचा दिवस करून अभ्यास करोत, आणि पुनः त्याच सभागृहांत जमोत; एकंदर गुण ४५०च होतील आणि सरासरी साडेचारच येईल. सगळ्यांचा खेळ सुधारेल, सरासरी तसूभरहि हालणार नाहीं. ज्या न्यायानें शंभरांतल्या नव्वदांस अपराधी ठरविल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यास न्याय कोण म्हणेल? ही बेरीज-वजाबाकीवर काढलेली चीड आहे.

मानांकनाच्या आंकड्याचीहि तीच गत आहे. ही पद्धत आर्पाद एलो ह्या हंगेरींत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनीं बसवून दिली, व १९७० सालीं जागतिक बुद्धिबळ संघटनेनें ती स्वीकारली. तिचें तत्त्व साधें आहे. दोन खेळाडूंच्या आंकड्यांत २०० चें अंतर असलें, तर वरच्यानें शंभर डावांत सुमारें ७६ गुण मिळवावे. ४०० चें असलें, तर सुमारें ९१. अपेक्षेहून अधिक मिळाले तर आंकडा चढतो, कमी मिळाले तर उतरतो. एलोंनीं हा मोजण्याचा गज करून दिला. आपण त्याची जन्मपत्रिका केली, आणि ती मुलांच्या गळ्यांत बांधली. वस्तुतः हा गज नीट वाचणारास त्यांत नम्रतेचाच धडा सांपडावा. १५०० चा खेळाडू १९०० च्या पुढें जितका दुबळा, तितकाच १९०० चा २३०० च्या पुढें, आणि तितकाच २३०० चा २७०० च्या पुढें. ह्या शिडीवर ज्याच्या डोक्यावर कोणाचा पाय नाहीं, असा मनुष्य एका वेळीं एकच असतो.

आणि त्या एकाची तरी काय कथा! १९९७ सालीं न्यूयॉर्क येथें डीप ब्ल्यू ह्या यंत्रानें त्या वेळचे जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांस सहा डावांच्या सामन्यांत हरविलें. आज कोणाच्याहि खिशांतील दूरध्वनींत मावणारें यंत्र कोणत्याहि जगज्जेत्यास भारी पडतें. सर्वश्रेष्ठ होणें हेंच जर खेळण्याचें एकमेव सार्थक असतें, तर १९९७ नंतर जगांतील सारे पट चुलींत घालावयास हवे होते, व सर्वांत आधीं जगज्जेत्यांनींच ते घालावयास हवे होते. तसें कांहीं झालें नाहीं. उलट, ज्यांना यंत्राशीं बरोबरी करण्याची तिळमात्र आशा नाहीं, असे थोर खेळाडू पूर्वींच्याच तन्मयतेनें खेळत आहेत. म्हणजे आपल्याहून श्रेष्ठ असें कांहीं आहे हें जाणूनहि खेळण्यांत गोडी राहते, हें त्यांनीं आपल्या आचरणानें मान्य केलें आहे. मग तीच गोडी आमच्या पडवींत आली कीं ती हास्यास्पद कां व्हावी?

थोरांच्या व आमच्या मध्यें जी भिंत कल्पिली जाते, तीहि वाटते तितकी अभेद्य नाहीं. १२ डिसेंबर २०२४ रोजीं सिंगापूर येथें गुकेश जगज्जेते झाले, ते चौदाव्या व अखेरच्या डावांत डिंग लिरेन यांच्या हातून हत्तीची एक चुकीची खेळी झाली तिच्यामुळें. अठरा वर्षांच्या मुलानें तोंवर जो चिवटपणा दाखविला होता, त्यास तोड नाहीं. पण चूक ती चूकच. ती पाहून आमच्या पडवींत एकानें म्हटलें, "ही तर आम्ही रोज करतों!" सगळे हंसले. हंसणें योग्यच होतें, कारण डिंग ती वर्षांतून एकदां करतात व आम्ही रोज करतों, हें अंतर लहान नाहीं. तथापि चुकल्यानंतर पोटांत जो खड्डा पडतो तो दोघांच्याहि पोटांत सारखाच पडतो, आणि त्या डावाचा थरार आम्हांस कळला, तो आमच्याहि पोटांत तो खड्डा अनेकदां पडला होता म्हणून.

साधारण खेळाडू उठून गेला म्हणजे खेळाचें काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आमच्याच जिल्ह्यांत सावंतवाडीस जावें. तेथील गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगाचे बारा पत्ते, असे एकंदर १२० गोल पत्ते असतात, आणि ते हातानें रंगविलेले असतात. ही कला बुडण्याच्या बेतास आली असतां गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीच्या राजघराण्यानें पुढाकार घेतला, राजवाड्यांत चिताऱ्यांस बसविलें, व ती जगविली. ह्याबद्दल त्या घराण्याचे उपकार मानावे तितके थोडे. आज राजवाड्यांत पत्ते रंगवितांना पाहतां येतात, विकतहि घेतां येतात. चितारी आहेत, आश्रय आहे, गिऱ्हाईक आहे. खेळणारे मात्र शोधावे लागतात. घेणारा ते पत्ते कांचेच्या चौकटींत घालून भिंतीवर लावितो. गंजिफेचे थोर खेळाडू संपले म्हणून हा खेळ मेला काय? नव्हे. छापील बावन्न पत्ते स्वस्त मिळूं लागले, आणि दुपारचें जेवण झाल्यावर ओसरीवर गंजिफा मांडून बसणारीं, बेताचींच खेळणारीं, हरलीं तर कुरकुरणारीं साधीं माणसें तिकडे वळलीं. म्हणून तो मेला. राजाश्रयानें कला जगते, खेळ जगत नाहीं. त्याला रिकामी संध्याकाळ आणि बेताचे खेळाडू लागतात.

बुद्धिबळाच्या आपल्या जुन्या देशी रीतीकडे पाहावें. तींत प्यादें पहिल्या खेळीसहि एकच घर चाले. राजास शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्याची चाल चालतां येई. प्यादें पलीकडच्या टोंकास पोंचलें, तर ज्या घरीं पोंचलें त्या घरच्या मोहऱ्याचें रूप घेई. आणि त्या रीतींत मातेचे प्रकार मानलेले असत. प्याद्यानें दिलेली मात, प्यादेमात, ही विशेष मानाची. वजिरानें राजास कोंडणें हें बळाचें काम. प्याद्यानें कोंडणें हें रसिकतेचें. कोण जिंकला ह्याबरोबरच कसा जिंकला, हें पाहण्याची ती दृष्टि होती. १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरचें पुस्तक इंग्रजींत छापलें गेलें, त्यांतहि भर आहे तो मात कशी साधावी ह्याच्या कोड्यांवर. ज्या खेळांत सौंदर्याला असें निराळें माप असतें, त्यांत साधारण खेळाडूसहि आयुष्यांत दोन-चारदां सोन्याचा दिवस दिसतो. भाऊंनीं आठ वर्षांपूर्वीं श्रावणांत आम्हांस एकदां प्याद्यानें मात दिली. तिची आठवण ते अजून काढतात, आणि आम्हीहि ती काढूं देतों. मानांकनाच्या कोणत्याहि वहींत तिची नोंद नाहीं.

दुसऱ्या कलांच्या बाबतींत आमचा समाज इतका निष्ठुर नाहीं. गांवच्या भजनांत टाळ धरणारास, 'तूं भीमसेन जोशी होणार आहेस काय? नाहींस, तर टाळ खालीं ठेव,' असें कोणी म्हणत नाहीं. गंगाराम गवाणकर यांचें 'वस्त्रहरण' हें नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें, आणि मच्छिंद्र कांबळी यांनीं त्याचे हजारों प्रयोग केले. महाभारताचें नाटक बसवूं पाहणाऱ्या गांवकऱ्यांची त्यांत जी त्रेधा उडते, तिला महाराष्ट्र पोट धरधरून हंसला. पण त्या हंसण्यांत तुच्छता नव्हती. 'ह्यांनीं नाटक करूंच नये' असें प्रेक्षकांतल्या एकासहि वाटलें नाहीं. उलट, ह्या हौसेपुढें पडदा पडूं नये, असेंच वाटत राहिलें. मग भजनांत व नाटकांत ज्या हौसेला आपण इतकी माया लावितों, ती पटावर दिसतांच तिच्याकडून हिशेब कां मागतों?

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे. पहिला असा, कीं हें आळसाचें तत्त्वज्ञान आहे. मनुष्य साधारणपणावर समाधान मानूं लागला कीं त्याची प्रगति खुंटते. आमचा अनुभव नेमका उलट आहे. त्या दोन वर्षांच्या अज्ञातवासांतून परत आल्यावरच आम्ही हत्ती-प्याद्यांचा शेवट पहिल्यानें मन लावून अभ्यासिला. पूर्वीं हरल्यावर आम्ही ऊन, झोंप, गोंगाट ह्यांस दोष देत असूं. जो आपला पराभव लपवितो, त्याला आपली चूक तपासतां येत नाहीं. कारण चूक तपासावयाची तर ती आधीं उजेडांत आणावी लागते. आतां लपवावयाचें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां चूक पटावर मांडून तिच्याकडे पाहतां येतें. खेळ थोडा सुधारला असेल, नसेलहि. पण अभ्यासांत रस आहे तो त्या शेवटांतील अवघड सौंदर्यामुळें. कोणाची पायरी गांठण्यासाठीं नव्हे.

दुसरा आक्षेप कोल्ह्याच्या द्राक्षांचा. जें मिळालें नाहीं त्याला तुम्ही आंबट म्हणतां, असें आम्हांस सांगण्यांत येतें. ही गोष्ट सांगणारांनीं ती शेवटपर्यंत वाचलेली दिसत नाहीं. कोल्हा द्राक्षें आंबट म्हणाला आणि निघून गेला. आम्ही द्राक्षें गोड आहेत असेंच म्हणतों, वेलाखालीं बसून आहों, आणि हातास येतील तेवढीं खात आहों. कोल्ह्याची उपमा द्यावयाचीच असेल, तर ती 'ग्रँडमास्टर होणें नाहीं, तर खेळणेंहि नाहीं,' असें म्हणून पट माळ्यावर टाकणारास द्यावी.

तिसरा आक्षेप देशाभिमानाचा, व तो सर्वांत बोचक. महाराष्ट्रांतून प्रवीण ठिपसे १९९७ सालीं ग्रँडमास्टर झाले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बातुमी येथें कोनेरू हंपी यांस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकिला, व त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या. अशा काळांत साधारणपणाचे गोडवे गाणें म्हणजे देशाला मागें ओढणें होय, असा हा आक्षेप आहे. आम्हांस ह्या विजयांचा आनंद झाला, व तो कोणाहून कमी झाला असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या मुलांत खरोखरच तें तेज आहे व ज्यांना स्वतःस त्या वाटेनें जाण्याची तळमळ आहे, त्यांच्या मार्गांत आम्ही काडीहि टाकणार नाहीं. पण १४० कोटींच्या देशांत त्या वेळीं ८८, म्हणजे सुमारें दीड कोटींत एक, हा हिशेब नवस बोलणाऱ्या प्रत्येक आईबापानें एकदां कागदावर मांडावा. बाकीच्यांनीं काय करावें? आणि बातुमीचा तो अंतिम सामना ज्यांनीं पाहिला, प्रत्येक खेळीस ज्यांचा श्वास अडला, ते कोण होते? ते सारे आमच्याच पंक्तीचे होते. तानसेनास कानसेन लागतात. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानें पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खेळास लाविलें, म्हणून सांगलीचें नांव बुद्धिबळांत झालें. तेथें मोहऱ्यांस हात लावणारीं सगळींच मुलें नामांकित झालीं नाहींत, व होणें शक्यहि नव्हतें. जीं झालीं नाहींत तीं वायां गेलीं, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एकदां आंब्याच्या मोहराचाहि हिशेब मांडून पाहावा.

तेव्हां आमचें मागणें थोडें आहे. आईबापांनीं मुलास पट घेऊन द्यावा, जमल्यास शिक्षकहि द्यावा. पण 'झालें काय?' हा प्रश्न विचारूं नये. ज्या मुलास वयाच्या साठाव्या वर्षींहि पावसाळी संध्याकाळीं कोणासमोर बसून दोन तास सुखांत घालवितां येतील, त्याचें पुष्कळच झालें. शिक्षकांनीं पहिल्याच दिवशीं मुलांस सांगावें, कीं तुमच्यांतले बहुतेक साधारण राहतील, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. स्पर्धा भरविणारांनीं बक्षिसांच्या पटांबरोबर दोन पट असे मांडावे, कीं ज्यांवरच्या निकालाची नोंद कोणी ठेवणार नाहीं. आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीं, एकादें पोर आपल्यास हरवूं लागलें कीं लगेच त्याच्यांत जगज्जेता पाहण्याचा मोह आवरावा. आम्हांस हरविणें ही फार मोठी गोष्ट नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्ही त्या मुलाच्या वडिलांपुढेंहि बोललों. गेल्या ज्येष्ठांत त्यांच्या घरीं जाऊन आमची चूक आम्ही कबूल केली. ते कांहीं बोलले नाहींत. चहा मात्र दिला. मुलगा दारांत उभा राहून ऐकत होता. पुढें आषाढांत एका रात्रीं तो नेहमींप्रमाणें खांबाशीं येऊन उभा राहिला. भाऊ त्याच्याकडे न पाहतांच म्हणाले, "माझी पाठ दुखता रे. जरा माझ्या जाग्यार बस आणि खेळ." तो बसला. भाऊंनीं डाव अगोदरच इतका बिघडवून ठेविला होता, कीं जगज्जेत्यासहि तो सांवरला नसता. दहाव्या खेळीस आम्हीं त्याचा घोडा घेतला, तेव्हां मागून भाऊ म्हणाले, "घोडो गेलो!" आणि मुलगा हंसला. पाठ कोणाची दुखत होती कीं नव्हती, ह्याची चौकशी आम्हीं केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आपला माळ्यावरचा पट पुसून घेऊन आला, कारण आमच्या पटावरचा काळा उंट फुटलेला आहे.

ज्या वाचकांच्या घरीं असा एकादा पट माळ्यावर असेल, त्यांनीं तो खालीं काढावा. मोहरें कमी भरलें, तर त्या जागीं सुपारी ठेवावी. खेळास कांहीं अडत नाहीं.